मग चोर कोण?

देवापुढे दिवा लागला, मुलांचे परवचे आटोपले आणि रात्रीची पाने मांडावयाची वेळ झाली, की हल्ली पुष्कळशा घरांत एक पाहुणा न चुकता हजर होतो. त्याच्या अंगात काळा डगला असतो, गळ्याशी पांढरी पट्टी असते, आणि बोलण्यात असा काही आवेश असतो की, हातातला घास हातातच ठेवून आजीबाईही त्याच्याकडे टक लावून पाहत राहतात. हा पाहुणा म्हणजे दूरचित्रवाणीच्या मालिकांतील वकील होय. 'स्टार प्रवाह' वाहिनीवर ५ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'ठरलं तर मग' या मालिकेने तर त्याला घरातल्या जावयाइतका मान मिळवून दिला. तिच्यातील अर्जुन सुभेदार हा वकील; भरल्या एकत्र कुटुंबातला मुलगा. आश्रम चालविणाऱ्या मधुभाऊ नावाच्या वृद्धावर खुनाचा आरोप आलेला. त्या आश्रमात वाढलेली सायली त्यांच्या सुटकेसाठी या वकिलाकडे येते, आणि त्यातूनच दोघांच्या कराराच्या लग्नाची गोष्ट सुरू होते. कथानक मूळचे तमिळ 'रोजा' या मालिकेवरचे; परंतु पूर्णाआजींच्या दराऱ्याने व सुनांच्या लगबगीने ते असे काही मराठी झाले की, परके म्हणून कोणी ओळखू नये.

आमचे काही स्नेही अशा मालिकांचे नाव काढताच नाक मुरडतात. आम्ही त्या पंथातले नव्हे. ज्या घरात सासू, सून व कॉलेजात जाणारा नातू ही तिघे एका विषयावर अर्धा तास बोलतात, त्या घरास त्या विषयाने काही वाईट केले असे आम्हांस वाटत नाही. तथापि मध्यंतरी रे रोड येथे आमच्यावर एक प्रसंग आला, आणि या काळ्या डगल्याच्या पाहुण्याने आपल्या घरांत एक समजूत नकळत पेरून ठेवली आहे, हे आमच्या ध्यानात आले.

हार्बर रेल्वेने डॉकयार्ड रोड सोडून उत्तरेस निघाले की पुढचे स्टेशन रे रोड. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे हे नाव. १९१० च्या डिसेंबरात कुर्ल्याहून निघालेला हा लोहमार्ग प्रथम येथपर्यंतच आला होता. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास गेली ती याच मार्गाने. रुळांच्या पूर्वेस दारूखाना. येथील दारू तोफेची, प्यावयाची नव्हे, एवढे नवख्या वाचकास सांगितले पाहिजे. त्याच्या आसपास लकडी बंदर, कोळसा बंदर, कौला बंदर, हे बंदर अशी बंदरांची रांग आहे, आणि प्रत्येकाच्या नावातच त्याचा माल सांगितलेला आहे. 'हे बंदर' हे नाव ऐकून आमच्या धाकट्या चिरंजिवांनी 'कोणते?' असे विचारले होते; ते गवताचे बंदर, इंग्रजी 'हे' म्हणजे वाळलेले गवत. जुनी जहाजे फोडून त्यांचे लोखंड, तांबे, पितळ विकण्याचा धंदा या बाजूस वर्षानुवर्षे चालत आला, आणि त्याच्या आधाराने भंगाराच्या वखारी उभ्या राहिल्या.

याच भागात आमच्या मेव्हण्यांचे बिऱ्हाड आहे. त्यांच्या शेजारचा मुलगा बी. कॉम. होऊन एका वखारीत हिशेबनीस म्हणून राहिला होता. २०१७ साली त्या वखारीतून तांब्याच्या तारेची वेटोळी नाहीशी झाली. किल्ली त्याच्यापाशी असे. तेव्हा चोरीचा आळ त्याच्यावर आला. नऊ दिवस तो कोठडीत होता, मग जामिनावर सुटला, आणि पाच वर्षे तारखांना हेलपाटे घालून २०२२ साली निर्दोष सुटला. निकालपत्राच्या शेवटी 'संशयाचा फायदा देऊन' असे शब्द होते. त्यानंतर त्याने दुसरीकडे नोकरी धरली, आणि घरची मंडळी त्याच्या लग्नाचे पाहू लागली. दादरचे एक चांगले स्थळ चालून आले. मुलीचे काका निवृत्त शिक्षक, आमच्या परिचयाचे. मुलाकडच्यांनी खटल्याची हकीकत त्यांच्यापासून लपवून ठेविली नाही, हे त्यांना शोभेसेच झाले. काकांनी आम्हांस एक दिवस गाठले व म्हणाले, "तुमच्या मेव्हण्यांच्या शेजारचा म्हणून तुम्हांला विचारतो. मुलगा सुटला हे खरे. पण मग चोर कोण?"

आम्ही म्हटले, "ते काही उघडकीस आले नाही."

"तेच तर!" काका म्हणाले. "अहो, निर्दोष माणूस सुटतो तेव्हा खरा चोर सापडतोच की. रोज पाहतो आम्ही."

काकांचा दोष नव्हता. ही समजूत जेथे जन्मली ते ठिकाण मात्र रे रोडपासून फार दूर, अमेरिकेत आहे.

कॅलिफोर्नियात अर्ल स्टॅन्ले गार्डनर नावाचे एक वकील होते. स्वतःच कायदा वाचून १९११ साली त्यांनी सनद मिळविली, आणि ज्या चिनी रहिवाशांकडे तेथील प्रतिष्ठित वकील ढुंकून पाहत नसत त्यांची वकीलपत्रे घेतली. १९३३ साली त्यांनी पेरी मेसन या वकिलाची पहिली कादंबरी लिहिली. पुढे २१ सप्टेंबर १९५७ पासून २२ मे १९६६ पर्यंत हाच पेरी मेसन दूरचित्रवाणीवर २७१ भागांत अवतरला; रेमंड बर हे नट ती भूमिका करीत. प्रत्येक भागाची घडण एकच. कोणाचा तरी खून होतो, सर्व पुरावा एका निरपराध माणसाकडे बोट दाखवितो, सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर निश्चिंत असतो, आणि शेवटी मेसन साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या माणसावर अशी काही प्रश्नांची सरबत्ती करितो की, तो किंवा मागच्या बाकावर बसलेला कोणी तरी ताडकन उठून 'होय, मीच केला खून!' असे ओरडतो. बर्गर बिचारा नऊ वर्षे हरत राहिला. बहुतेक भागांत ज्युरी दिसत नाही, कारण जे चालते ती खटल्यापूर्वीची प्राथमिक चौकशी असते. बारा माणसे बसवून त्यांना मेहनताना देण्यापेक्षा निर्मात्यांना ते स्वस्त पडे.

या साच्याचे पाणी आपल्याकडे सावकाश झिरपले. मराठी वाचकास तपासाची गोडी लावली ती बाबूराव अर्नाळकरांनी; पण त्यांचा धनंजय हा गुप्तहेर, वकील नव्हे. मुंबई दूरदर्शनवरील 'एक शून्य शून्य' पोलिसांची, तर १९८५ चा गाजरे खाणारा 'करमचंद' हाही खासगी गुप्तहेरच. गुप्तहेर व वकील यांची एकच मूर्ती घडविली ती २०१० च्या नोव्हेंबरात 'सोनी' वाहिनीवर सुरू झालेल्या 'अदालत' या हिंदी मालिकेने. तिच्यातील के. डी. पाठक हा वकील (नट रोनित रॉय) घटनास्थळी स्वतः जातो, धागेदोरे हुडकतो, आणि भर न्यायालयात खुन्याला उघडा पाडतो. पाठक येऊन गेल्यावर आपल्या घरांत वकिलाकडून अपेक्षा ठरून गेली: आपला अशील निर्दोष आहे असे म्हणणाऱ्याने खरा अपराधी हात धरून पुढे उभा करावा.

आता खऱ्या न्यायालयात काय घडते ते पाहू. प्रथम हे की, वकील तपास करीत नाही, तपास पोलिसांचा. वकिलाने घटनास्थळी जाऊन सुरी शोधून काढली तर ती कोठे व कशी सापडली हे सांगण्यास त्यालाच साक्षीदार व्हावे लागेल. आणि ज्या खटल्यात आपल्याला साक्ष द्यावी लागण्याचा संभव आहे त्याचे वकीलपत्र वकिलाने घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. म्हणजे पाठकसाहेबांची निम्मी प्रकरणे पहिल्याच दिवशी त्यांच्या हातून गेली असती.

दुसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. पिंजऱ्यातील साक्षीदार 'मीच केला' असे म्हणाला, तर त्याचे पुढे काय व्हावे? १८७२ च्या पुरावा कायद्यात असे कलम होते की, खटल्याच्या मुद्द्याशी संबंध असलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या अंगाशी येईल या सबबीवर साक्षीदारास टाळता येणार नाही. परंतु असे उत्तर देणे त्यास भाग पाडले, तर त्या उत्तरावरून त्याच्यावर खटला भरता येणार नाही, किंवा ते त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. खोटी साक्ष दिल्याचा खटला तेवढा वेगळा. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, त्यातही ही तरतूद कायम आहे. तेव्हा ज्या किंकाळीवर मालिकेचा भाग संपतो, त्या किंकाळीचा खऱ्या न्यायालयात भलताच अर्थ होऊन बसेल! पुराव्यावरून दुसराच कोणी अपराधी दिसू लागला तर त्यास आरोपी म्हणून बोलाविण्याचा अधिकार न्यायालयास आहे. पण मग त्याच्यापुरते काम पहिल्यापासून चालवावे लागते, साक्षीदार पुन्हा तपासावे लागतात. जाहिरातींच्या दोन विश्रांतींत हे बसणारे नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच काकांच्या प्रश्नाचे उत्तर होती. गुन्हा शाबीत करण्याचे ओझे सरकारपक्षावर असते. आरोपीने 'मग कोणी केला?' या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज नाही; न्यायाधीशही तो प्रश्न सोडविण्यास बसलेले नसतात. त्यांच्यापुढे प्रश्न एकच: या माणसाने हे कृत्य केले, असे वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाले की नाही? १९८४ साली पुण्याच्या शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच तत्त्वे घालून दिली, त्यांना त्या निकालात 'पंचशील' असेच म्हटले आहे. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे शाबीत झाली पाहिजे. सर्व परिस्थिती आरोपीच्या अपराधाशीच जुळली पाहिजे. ती निर्णायक स्वरूपाची पाहिजे. दुसऱ्या कोणत्याही संभवास तिने जागा ठेवता कामा नये. आणि साखळी अशी पुरी पाहिजे की निर्दोषपणाला वाव देणारा दुवा मध्ये तुटलेला नसावा. आरोपीचा बचाव खोटा ठरला तरी तेवढ्याने सरकारपक्षाची तुटकी साखळी जुळत नाही, हेही त्याच निकालात सांगितले आहे. त्यात पतीवर पत्नीच्या खुनाचा आरोप होता. खालच्या न्यायालयांत दोषी ठरलेला तो माणूस सर्वोच्च न्यायालयाने सोडला.

याचा अर्थ खऱ्या खटल्यात मेसनच्या तोडीची सूक्ष्म दृष्टी नसते, असा मात्र कोणी करू नये. मुंबईकरांना ठाऊक असलेला नानावटी खटला घ्या. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेल्या गोळ्यांनी प्रेम आहुजा मरण पावले. गोळ्या कोणाच्या हातून सुटल्या हा वादच नव्हता. झटापटीत अपघाताने सुटल्या की हेतुपुरस्सर झाडल्या, एवढाच वाद. आहुजा नुकतेच स्नान करून बाहेर आलेले, अंगावर टॉवेल गुंडाळलेला. आणि मृतदेहावर तो टॉवेल जसाच्या तसा होता. झटापट झाली असती तर टॉवेल सुटला नसता काय? न्हाणीघरातल्या एका वस्त्राने खटल्यास केवढे वजन दिले पाहा! ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींस निर्दोष ठरविले, न्यायाधीशांनी ते मत न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले, तेथे झालेली जन्मठेप १९६१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. (हा आपल्या देशातील शेवटचा ज्युरीचा खटला, असे सर्रास सांगतात; ते बरोबर नाही. ज्युरी त्यानंतरही काही वर्षे काही प्रांतांत बसत होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही.)

न्यायालयाचा खरा चेहरा ज्यांना पाहावयाचा आहे त्यांनी चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा 'कोर्ट' हा मराठी चित्रपट पाहावा. त्यास राष्ट्रीय पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. गीतांजली कुलकर्णी यांनी त्यात सरकारी वकील बाई रंगविल्या आहेत. दिवसभर एका वृद्ध शाहिराच्या विरुद्ध कलमे वाचून त्या संध्याकाळी गाडीने घरी जातात व स्वयंपाकाला लागतात. कोणी ओरडत नाही, कोणी कबुली देत नाही. तारखा पडत जातात. आमच्या घरी तो लावला तेव्हा अर्ध्या तासाने दोघे जण झोपी गेले होते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

रे रोडच्या त्या मुलाचा खटला याच जातीचा होता. त्याचा वकील पोक्त, किंचित बहिरा, आवाज मुळीच न चढविणारा. त्याने दोन कामे केली. पंचनाम्यावर त्या वस्तीतील दोन प्रतिष्ठित रहिवाशांच्या सह्या असाव्यात असा दंडक, त्यांतील एका पंचास त्याने विचारले, "सही कोठे केलीत?" पंच म्हणाला, "माझ्या दुकानात." "वखारीत गेला होता?" "नाही." "कागद वाचलात?" "चष्मा नव्हता." एवढेच. नंतर वखारीच्या मालकास, "कुलुपाला किल्ल्या किती?" उत्तर आले, "दोन." "दुसरी कोठे असे?" "गल्ल्यात." "गल्ल्याला कुलूप?" "दिवसा नसे." वकील खाली बसला. ती दुसरी किल्ली कोणी उचलली हे त्याने विचारले नाही, सुचविलेही नाही. सुचविले असते तर कदाचित आणखी एखाद्या निरपराध गड्याच्या मागे शुक्लकाष्ठ लागले असते. साखळी तुटली होती, आणि त्याचे काम तेथे संपले होते. न्यायालयाचे कामही तेथे संपले. चाळीतल्या गॅलऱ्यांतून मात्र ते संपलेले नव्हते. तेथे पाच वर्षांनंतरही तांब्याची तार निघालीच की लोक आवाज खाली करीत.

येथे गार्डनर यांच्याविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण आपल्या मेसनची ही बाजू त्यांना स्वतःला ठाऊक होती. १९४८ साली त्यांनी 'आर्गसी' या मासिकातून एक उपक्रम आरंभिला; त्याचे नाव 'कोर्ट ऑफ लास्ट रिझॉर्ट', म्हणजे दाद मागण्याचे अखेरचे ठिकाण. निरपराध असूनही शिक्षा भोगीत असलेल्या कैद्यांची प्रकरणे ते व त्यांचे तज्ज्ञ सहकारी पुन्हा तपाशीत. तेथे पिंजऱ्यातली किंकाळी नव्हती; जुने कागद, रासायनिक परीक्षा, बदललेले जबाब आणि अधिकाऱ्यांना लिहिलेली पत्रे यांतच वेळ जाई. या उपक्रमावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकास रहस्यलेखकांच्या संस्थेचे 'एडगर' पारितोषिक मिळाले. मेसनचा जनक तुरुंगाच्या दारात उभा राहून जे काम करीत होता, ते दूरचित्रवाणीवर रंगणारे नव्हते.

हे सारे आम्ही काकांपुढे मांडले. ते शिक्षक, ऐकून मानणारे नव्हेत. म्हणाले, "मला पाहू द्या." तेव्हा एका सोमवारी आम्ही दोघे एका न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसलो. साडेतीन तासांत एकवीस प्रकरणे पुकारली गेली. त्यांपैकी पंधरांस तारखा मिळाल्या. एका साक्षीदाराची उलटतपासणी झाली, ती दुचाकीचा आरसा डावा फुटला की उजवा यावर. काकांनी वही काढून काही टिपून घेतले. परतताना रे रोडच्या फलाटावर त्यांनी विचारले, "त्या मुलाच्या निकालाची नक्कल मिळेल?"

नक्कल मिळाली. दोन दिवस ती त्यांच्यापाशी होती; परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने एकच शेरा होता, 'गल्ला दिवसा उघडा', आणि त्याखाली दोन रेघा. पुढच्या रविवारी ते पुतणीस घेऊन मुलाकडे आले. मुलगा व मुलगी गच्चीत तासभर बोलत बसली. पुढचे त्यांचे त्यांनी ठरवावयाचे आहे. खाली आमच्या मेव्हण्यांच्या बिऱ्हाडी चहा झाला, आणि आजींनी सवयीप्रमाणे दूरचित्रवाणी लावली. कोणत्या मालिकेचा जुना भाग होता ते आता आठवत नाही. वकील मात्र तोच, काळा डगला सावरीत पिंजऱ्यातल्या साक्षीदारावर गरजत असलेला. साक्षीदाराला घाम फुटला, ओठ थरथरू लागले, आणि आता तो कबुली देणार तोच काका खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "देऊ दे कबुली. वकिलाने भाग पाडले आहे. ती त्याच्यावर चालायची नाही."

"अहो, जरा गप्प बसा हो," आजी म्हणाल्या, "काय म्हणतो ते ऐकू द्या."